रुईची अळी आणि कण्हेरीची अळी

रुईचा चीक विषारी, तरी ती खाणारी अळी मरत कशी नाही? "रुईचा चीक अळीच्या पोटात पचून जातो" असं कुणी म्हणतं, ते अर्धंच पटलं. एक तर ती बराचसा चीक तोंडाशी येऊच देत नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर रुई भरपूर आहे, पावसाळ्यात नीट बघा: प्लेन टायगर फुलपाखराची मोठी अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते, चीक तिथंच गळून जातो, पान लोंबकळतं आणि मग ही निवांत पुढचा भाग खाते. तरी चिकातलं जे विष पोटात जातंच, ते एरवी पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप (सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारं प्रथिन) बंद पाडतं. या फुलपाखरात त्या पंपाची विष चिकटायची जागाच बदललेली आहे, म्हणून विष अंगात साठवूनही ते ठणठणीत, आणि खाणारा पक्षी ओकतो.

खरी गंमत पुढं आहे. कोल्हापुरात बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर असतेच, तिच्यावर आरशासारखा चकचकीत कोष लटकलेला दिसला तर तो कॉमन क्रो या फुलपाखराचा. कण्हेरीतही त्याच जातीचं विष, पण याचा पंप मात्र साधाच, न बदललेला! तरी अळी मजेत वाढते, कारण ती ते विष अंगात मुरू देत नाही, साठवतही नाही. म्हणजे पंपातला बदल नुसतं विषारी पान खाण्यासाठी नव्हे, विष साठवण्यासाठी लागतो असं दिसतं.