दावा काढून घेतला, पण आमच्या चार वर्षांच्या खर्चाचं काय?

गिरणाकाठ (भडगाव)
बांध कोरल्याचा आरोप करत शेजाऱ्याने २०२१ मध्ये आबांवर कायम मनाईचा दावा लावला. आम्ही कैफियत (लेखी उत्तर) दिली, जागा पाहायला कोर्ट कमिशनर आला, मोजणी झाली. बांध जिथल्या तिथेच निघाला. मग ज्या दिवशी वादीचा उलटतपास होता, त्याच दिवशी त्याच्या वकिलाने पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली : दावा चालवायचा नाही. पाच मिनिटांत निकाली! शेवटची ओळ : खर्चाबाबत आदेश नाही.

आबांच्या खिशातल्या डायरीत कापूस वेचणीच्या मजुरीशेजारीच तारखांचा हिशोब आहे. एसटीचं भाडं, झेरॉक्स, वकिलाची फी, सगळं. एकूण ४१ तारखा. ज्याने दावा लावला आणि स्वतःच सोडला, त्यानेच हा खर्च भरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

केळीबाग (रावेर)
दादा, तुमचं दुःख कळतं, पण मत पटत नाही. सोडला तर भुर्दंड बसतो हे कळल्यावर कोण सोडेल? तारखा घेत बसेल. आमच्या भाऊबंदकीत विहिरीच्या पाळीवरून सहा वर्षं दावा चालला. शेवटी वडीलधारे पारावर बसले. पहिली अट हीच, की खर्च ज्याचा त्याने सोसायचा. "आते मिटी गयं ना, सोडी दे," आजी म्हणाली. तिथे खर्चाची सक्ती असती तर आम्ही आजही कोर्टातच असतो.

काळा कोट (धुळे)
तडजोड आणि माघार वेगळ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम १ प्रमाणे वादी दावा कधीही सोडू शकतो. मात्र नव्याने दावा लावायची परवानगी न घेता सोडला, तर कोर्ट ठरवील तो खर्च त्याच्यावर बसू शकतो आणि त्याच विषयावर पुन्हा दावाही लावता येत नाही. म्हणजे बांधाचं भांडण तो पुन्हा उकरू शकणार नाही, ही तुमची कमाई लहान नाही.

खरी अडचण रकमेची. त्याच संहितेच्या कलम ३५अ खाली खोट्या दाव्याची भरपाई जास्तीत जास्त ३,००० रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं, की खर्च प्रत्यक्षात झालेला आणि वाजवी असा द्यावा. तालुक्याला ते क्वचितच उतरतं, कारण मागतच नाही कोणी. पुरसिशीवर तुमच्या वकिलाने काय लिहिलं होतं?

गिरणाकाठ
आत्ता नक्कल काढून पाहिली. कोपऱ्यात, निळ्या शाईत : "हरकत नाही." खाली आबांची सही. सुटलो एकदाचे, या आनंदात त्यांनी केली. खर्चाचा शब्दही नाही.

माहेरवाशीण (शिरपूर)
मी वादी होते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला, म्हणून वाटपाचा दावा लावला. भावाने निरोप धाडला, यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येऊ नको. आई रडली. मी दावा काढून घेतला. गिरणाकाठ यांच्या नियमाने मीच भावाचा खर्च भरायचा का? माघार घेणारा प्रत्येक जण खोटा नसतो हो.

काळा कोट
ताई, म्हणूनच कायद्याने ते कोर्टाच्या मर्जीवर ठेवलंय. वाटपाच्या दाव्यात तर वादीने अंग काढलं, तरी हितसंबंध असलेला प्रतिवादी वादी होऊन दावा पुढे नेऊ शकतो, तशी अर्जाची सोय आहे.

केळीबाग
मग माझं एवढंच म्हणणं : कैफियत यायच्या आत सोडला तर एक रुपयाही नको. आपसात मिटलं तरी नको, उलट संहितेच्या कलम ८९ खाली तडजोड झाली तर कोर्ट फीसुद्धा परत मिळते. पण मोजणी विरोधात गेल्यावर, उलटतपासाच्या दारातून पळणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही.

गिरणाकाठ
ताईंचा दाखला वाचून, दावा सोडणाऱ्या प्रत्येकाने खर्च भरावा, हे माझं सरसकट म्हणणं मागे घेतो. मोजणीनंतरच्या माघारीबद्दल मात्र तसूभर हटणार नाही. आमचा आदेश संमतीचा, आता त्यावर भांडणं अवघड. पण काकांवर त्याच शेजाऱ्याचा रस्त्याचा दावा अजून चालू आहे. त्यांच्या पावत्या आज लावून ठेवल्या. पुरसिस आली तर त्यावर काय लिहायचं, तेही वकिलांना सांगून आलो : "खर्चासह मंजूर व्हावी."