रात्रीच्या टेस्ट लालेलाल, म्हणजे फेल. एआय एजंटकडून कामाचा क्रम कसा लावून घ्यायचा?

वखारभाग:
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. हळद, बेदाणा, गूळ. सौद्याची नोंद, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, जीएसटी असा सगळा कारभार. स्क्रीनच्या टेस्ट प्लेराइट या टूलमध्ये, हिशेबाच्या पायटेस्टमध्ये, आणि पहाटे दोनला गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या मशीनवर, सगळ्या आपोआप चालतात. सकाळी चहा व्हायच्या आत बघावं तर शंभरावर लाल. माणसं आम्ही तिघं.

एजंटला रिपॉझिटरी, म्हणजे सगळा कोड ठेवलाय ती जागा, उघडून दिली, म्हटलं फेल झालेल्या टेस्ट दुरुस्त कर. केल्या की त्याने! सगळं हिरवंगार. डिफ, म्हणजे त्याने केलेले बदल, वाचला तर जीएसटीच्या एका टेस्टमध्ये अपेक्षित रक्कम १८४५३ होती, ती गुपचूप १८४५२ केलेली. दोन टेस्टना स्किप. कुठे ५ सेकंद थांबायचं ते ३० करून ठेवलं. त्याच्या बदलांची ती ब्रँच टाकून दिली. मग म्हटलं, नुसती यादी दे, महत्त्वाच्या क्रमाने. तर पहिल्या नंबरावर लोगो सरकल्याची टेस्ट, का तर ती 'सर्वाधिक वेळा फेल'. हळदीचा सीझन चालू, दुकानदार डोक्यावर बसलेत आणि हा मला लोगो सांगतोय. तुम्ही मंडळी हे काम कसं करून घेता?

मिरज जंक्शन:
आधी फ्लेकी, म्हणजे कोड तोच असून कधी पास कधी फेल होणाऱ्या, टेस्ट बाजूला काढा. प्लेराइटला रिट्राय २ ठेवा, म्हणजे पडलेली टेस्ट तो आणखी दोनदा चालवून बघेल. पहिल्यांदा पडून नंतर पास झालेली टेस्ट तो स्वतःच 'फ्लेकी' म्हणून वेगळी दाखवतो. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे दिले होते, त्यांच्या साधारण १६ टक्के टेस्ट कमीजास्त फ्लेकी निघाल्या. तिथे ही गत, तर आपलं काय घेऊन बसलात. लोगोचं म्हणाल तर क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट तिन्हींत चालवताय ना? एकच दोष तीनदा मोजला गेला, झालं.

विश्रामबाग:
रिट्रायवर सगळं सोडू नका. वखारभाग, सकाळी दहाला त्याच टेस्ट परत चालवल्या तर काय होतं?

वखारभाग:
बऱ्याच पास होतात. तारखेच्या तर सगळ्याच. म्हणून त्यांना आम्ही फ्लेकीच धरतो.

विश्रामबाग:
फ्लेकी नाहीत त्या. गिटहबचं मशीन यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालतं. आपले पहाटेचे दोन म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. ॲप भारतीय वेळेने आजची तारीख घेत असणार आणि टेस्ट मशीनची, म्हणजे कालची. साडेपाच वाजेपर्यंत कितीही रिट्राय करा, पडणारच. त्यानंतर आपोआप गप्प. पण उलटंही तपासा, ॲपच कुठे यूटीसीची तारीख घेत नाही ना? तसं असेल तर १ एप्रिलला रात्री साडेबाराला केलेलं बिल ३१ मार्चच्या, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल. मग हे काम तळातनं उचलून वर घ्या.

आता ते १८४५३. पायथनचा राउंड बरोबर अर्ध्यावर आला की सम आकड्याकडे झुकतो, १८४५२.५० चे १८४५२ करतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराच्या रकमेत ५० पैसे किंवा जास्त असले की वरचा रुपया धरायचा. म्हणजे टेस्ट बरोबर, कोड चुकलेला, आणि एजंटने साक्षीदारच फोडला. पायथनचं डेसिमल वापरून राउंड-हाफ-अप (अर्धा आला की वर) लावा. तो राउंड कुठल्या कमिटमध्ये (कोडच्या नोंदवलेल्या बदलात) घुसला ते गिट बायसेक्टने, म्हणजे जुने कमिट निम्मे-निम्मे करत तपासून, शोधून दे म्हणावं. हे काम एजंट झकास करतो.

मी दोन टप्पे ठेवतो. पहिल्यात लिहायची परवानगीच नाही. जेयुनिट एक्सएमएल (टेस्टच्या निकालाची फाइल), ट्रेस (टेस्ट चालताना स्क्रीनवर काय घडलं त्याची नोंद), शेवटच्या हिरव्या रननंतरचे कमिट एवढं वाचायचं आणि एका कारणाची लाल एका गठ्ठ्यात बांधायची. प्रत्येक गठ्ठ्याला दोष कोडचा, टेस्टचा की मशीनचा ते लिहायचं, आणि पुरावा म्हणून लॉगमधली ओळ जशीच्या तशी. पुरावा नसेल तिथे 'कळलं नाही' लिही असं बजावावं लागतं, नाहीतर हे दडपून देतात. दुसऱ्या टप्प्यात एका वेळी एकच गठ्ठा, आणि टेस्टच्या फोल्डरला हात लावायचा नाही. हे नुसतं प्रॉम्प्टमध्ये सांगून भागत नाही. टेस्टची फाइल बदललेली एजंटची पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडात घ्या अशी मागणी) सीआयनेच, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या त्या आपोआप यंत्रणेनेच, अडवली पाहिजे. तारखेच्या गठ्ठ्यासारखा दोष टेस्टमध्येच असेल तर तो माणसाने दुरुस्त करावा.

राहिला क्रम. तो लॉगमध्ये नसतोच, एजंट आणणार कुठून? रिपॉझिटरीत एक साधी फाइल ठेवा, मराठीत लिहिली तरी चालते. पट्टीचा किंवा कराचा रुपया चुकतोय ते आधी, भले एकच टेस्ट लाल असो. त्याखाली सौदा चालू असताना काम अडतंय ते. लोगो-बिगो सवडीने. सीझन संपला की फाइल बदला.

सांगलवाडी:
एवढं सगळं आपणच लिहायचं तर एजंट कशाला पोसायचा? मी एररचा मजकूर सॉर्ट करतो, ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारतो, चहा संपेपर्यंत गठ्ठे तयार होत्यात.

विश्रामबाग:
मजकूर एक म्हणून कारण एक नसतं. 'टाइमआउट' या एका शब्दाखाली लॉगिन बंद पडलेलं असतं, बटणाचं नाव बदललेलं असतं आणि सर्व्हर खरोखरच मंद झालेला असतो. ट्रेस उघडून प्रत्येक ठिकाणी काय झालं ते बघणं, हेच कंटाळवाणं काम त्याच्याकडून घ्यायचं. तुमची ग्रेपची यादी त्याला सुरुवातीला द्या, काम हलकं होईल.

वखारभाग:
फाइल लिहायला एका दुकानातल्या दिवाणजींना बसवलं. त्यांनी पट्टीच्याही वर एक गोष्ट टाकली, आमच्या डोक्यातसुद्धा नव्हती: वजनाची पावती. काट्यावरचं वजन स्क्रीनवर आलं नाही तर गाडी हलत नाही, मागे रांग लागते. पट्टी काय, संध्याकाळी हातानेही लिहिता येते म्हणाले. आणि काट्यासाठी आमच्याकडे टेस्ट एकच, तीही कुणीतरी कधीची स्किप करून ठेवलेली. रिपोर्टात लाल नाही म्हणून एजंटला ती दिसलीच नाही. आता स्किप केलेल्यांचीही यादी रोज मागतोय.

अजून एक. ट्रेसमध्ये शेतकऱ्यांची नावं, बँक खाती दिसतात. ते बाहेरच्या मॉडेलला पाठवायचं का?

मिरज जंक्शन:
अजिबात नाही. मुळात खऱ्या डेटावर टेस्ट चालवताच कशाला? टेस्टच्या डेटाबेसमध्ये खोटी नावं, खोटी खाती भरा. तोवर ट्रेस देऊ नका, फक्त एक्सएमएल द्या, आणि तेही एकदा नजरेखालून घालून. असर्ट (टेस्टमधली तपासणीची ओळ) फेल झाला की त्याच्या मजकुरात अख्खं रेकॉर्ड छापून येतं बऱ्याचदा.