कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगसाठी (एडीएन, म्हणजे दोन वर्षांची असोसिएट पदवी) अर्ज करायचाय, तयारी कुठून सुरू करू?

अबोली_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, वय ३९. पुणे विद्यापीठाची बी.कॉम., २००७ ची. लग्नाआधी नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करत होते. इकडे आल्यावर एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) बरीच वर्षं घरातच गेली. आता ग्रीन कार्ड हातात आलंय, धाकटा तिसरीत गेलाय आणि मला नर्स व्हायचंय.

गेल्या वर्षी सासूबाई इकडे आल्या असताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना कुशीवर वळवताना मी दोन नर्सेसकडे बघत होते. दोन्ही पायांमध्ये उशी, अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी धरलेली, एकीने आकडे मोजले आणि एका दमात वळवलं. आदल्या खेपेला ओरडलेल्या सासूबाई या वेळी कण्हल्यासुद्धा नाहीत. हे काम शिकण्यासारखं आहे आणि मला जमेल, असं तेव्हापासून मनात आहे.

पण सायन्स दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आधी कोणते विषय घ्यायचे? त्या टीज परीक्षेचा (नर्सिंगची प्रवेश परीक्षा) अभ्यास आत्तापासून करू का? भारतातल्या डिग्रीचा काही उपयोग होतो का? आणि आई फोनवर रोज विचारते, "एवढं शिकून नर्स होणार?" तिला काय सांगू तेही कळत नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा.

रातराणी

अबोली, मी तुमच्याच वाटेने आलेय, कॉमर्सचीच. सध्या बे एरियातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल-सर्जिकल मजल्यावर रात्रपाळी करते. जरा लांबण लावते, पण तुम्ही सविस्तर म्हणालात.

सगळे टीजपासून सुरुवात करतात. तिचा नंबर शेवटचा. प्रवेशाचा खरा निकाल अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी या तीन विषयांत लागतो. इथे जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त येतात. काही कॉलेजं किमान अटी पूर्ण करणाऱ्यांची सोडत काढतात, काही गुण मोजून यादी लावतात. दोन्हीकडे या तीन विषयांची ग्रेड बघतातच, आणि विषय परत घेतला असेल तर तेही नोंदीत दिसतं. त्यामुळे "बघू, नाही जमलं तर पुन्हा घेऊ" हा विचार मनातून काढून टाका. एका सेमिस्टरला यातला एकच विषय घ्या. लवकर उरकायच्या नादात अॅनाटॉमी आणि मायक्रो एकत्र घेऊन दोन्हीत सी आणणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

तुमचं सायन्स दहावीपर्यंतचं, म्हणून पहिल्या सेमिस्टरला प्राथमिक केमिस्ट्री आणि इंग्लिश कॉम्पोझिशन घ्या. बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्रीशिवाय फिजिऑलॉजीला बसूच देत नाहीत. मग अॅनाटॉमी, मग फिजिऑलॉजी, मग मायक्रो. सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स वगैरे उन्हाळ्यात बसवता येतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे, म्हणजे पाच युनिटची अॅनाटॉमी २३० डॉलरला पडते. पुस्तकं आणि लॅबचं सामान वेगळं. ग्रीन कार्ड आहे तर फाफ्सा (शिक्षणासाठी सरकारी आर्थिक मदतीचा) फॉर्म जरूर भरा. तुमच्या आसपास ओलोनी, हेवर्डचं चॅबो आणि सॅन होजेचं एव्हरग्रीन व्हॅली अशी तीन कॉलेजं आहेत. तिन्हींच्या अटी छापून शेजारी-शेजारी ठेवा. सायन्सचे विषय किती वर्षांच्या आतले हवेत हा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तो आधी बघा.

अॅनाटॉमीच्या लॅब परीक्षेबद्दल सांगते, कारण आपल्या कॉमर्सवाल्यांना अशा परीक्षेची सवय नसते. टेबलांवर हाडं मांडलेली असतात, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी किंवा टाचणी. एका टेबलापाशी मिनिटभर, बेल वाजली की पुढे. नुसतं 'क्लॅव्हिकल' लिहून भागत नाही. डावं की उजवं, आणि टाचणी लावलेल्या उंचवट्याचं नाव काय, तेही लिहायचं. स्पेलिंग चुकलं की मार्क गेला. घोकंपट्टीची सवय इथे कामी येते, पण ती हाताने करायची. माझी मुलगी जेवताना डावा हात पुढे करायची आणि मी तिच्या मनगटावर बोट ठेवत म्हणायचे: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, मग खालची ओळ, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. तिलाही पाठ झाली. कॉलेजची लॅब मोकळ्या वेळेत उघडी असते, तिथे जाऊन हाड हातात घेऊन फिरवून बघा. चित्रावरून डावं-उजवं कळत नाही.

डिग्रीचं म्हणाल तर होतो उपयोग. गुण मोजणाऱ्या कॉलेजांत आधीच्या पदवीला गुण असतात. शिवाय इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत असेल तर त्यालाही गुण देता येतात, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भारतीय उपखंडातल्या भाषांचा उल्लेख आहे. मराठी-हिंदी येतं हे अर्जात नक्की लिहा, पुरावा काय लागतो ते कॉलेजला विचारा. डिग्रीचं मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट तिकडे जायला हवं. याला महिने लागतात, म्हणून आजच सुरू करा. आपल्या बायकांची मुख्य अडचण नावाची. मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. काहींचं तर पहिलं नावही लग्नात बदललेलं. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर नाशिकला कोणाला तरी महापालिकेत पाठवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज करायच्या आधी सीएनए करा, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. कॅलिफोर्नियात १६० तासांचं शिक्षण असतं, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. गुण मिळतात हे खरं, पण मी त्यासाठी सांगत नाहीये. तुम्ही दोन नर्सेसना सासूबाईंना वळवताना बघितलंत. सीएनएला हेच काम पाळीभर करायचं असतं: दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय का बघा, ओलं झालेलं बदला, दात घासून द्या, आणि हे करताना त्या माणसाची लाज राखा. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी पांघरलेलं. मला हे शिकवणारी फिलिपिनो बाई माझ्या आयुष्यातल्या उत्तम शिक्षकांपैकी एक आहे. हे काम मनापासून आवडतंय की नाही ते तिथे कळतं, आणि ते चार सेमिस्टर खर्चून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

टीजबद्दल थोडक्यात: १७० प्रश्न, २०९ मिनिटं, चार भाग. गणित आपल्याला सोपं जातं, फक्त पौंड-किलो, औंस-मिलिलिटर हाताखालून घाला. वाचनात ४५ प्रश्नांना ५५ मिनिटं मिळतात, तिथे वेळ पुरत नाही. रोज एक इंग्रजी लेख घड्याळ लावून वाचा. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी झाल्या झाल्या परीक्षा द्या, सायन्सचा भाग तेव्हा ताजा असतो.

आणि आईंना सांगा, की इथे रात्री तीन वाजता पेशंटचा रक्तदाब घसरला तर ते पहिल्यांदा नर्सच्या लक्षात येतं. डॉक्टरला काय सांगायचं, किती तातडीने बोलवायचं, हे तिने ठरवायचं असतं. त्यासाठी फार शिकावं लागतं. पगाराचा आकडा ऐकून नातेवाईक गप्प होतात (कॅलिफोर्नियात आरएनचा, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचा, सरासरी पगार वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या वर आहे), पण तुमच्या आईंना मी आधी कामच सांगेन.

जर्सीकर

रातराणी यांनी छान लिहिलंय. हा धागा एच-४ वरच्या मंडळीही वाचतील, म्हणून भर घालतो. माझी बायको न्यू जर्सीत एच-४ वर असताना आम्ही हे सगळं तपासलं होतं. एच-४ वर शिकता येतं, पण ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर सीएनएची पगारी नोकरी करता येत नाही, आणि फाफ्साची सरकारी मदत एच-४ वर मिळतच नाही. क्लिनिकलच्या (हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष शिक्षणाच्या) वेळी हॉस्पिटल पार्श्वभूमी तपासणीसाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागू शकतं, तेव्हा प्रवेशाआधीच नर्सिंग विभागाला लेखी विचारा. शिवाय वॉर्डातल्या साध्या आरएनच्या नोकरीवर एच-१बी मिळणं अवघड, कारण त्या पदाला चार वर्षांची पदवी अनिवार्य नसते. शिकून झाल्यावर कशावर काम करणार, हे आधी ठरवलेलं बरं. आमच्याकडे कॉलेजं काउंटीची असतात आणि आपल्या काउंटीतल्या रहिवाशांना फी कमी पडते, हेही लक्षात ठेवा.

मिरजेची_सिस्टर

मी इकडे मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, आता स्टाफ नर्स आहे. अमेरिकेतलं काही माहीत नाही, पण ताई, वय ३९ म्हणून घाबरू नका. माझ्या बॅचला दोन मुलांची आई होती आणि इंजेक्शन देताना तिचाच हात सगळ्यात स्थिर असायचा. आतापासून एक करा. घरातल्यांचा बीपी साध्या हाताच्या मशीनवर, स्टेथोस्कोप लावून घ्यायला शिका. तो पहिला ठोका ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो. आणि दिवसभर उभं राहायची सवय करा, चांगल्या चपला-बुटांवर पैसे वाचवू नका.

अबोली_फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. रातराणी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, आणि शेवटचा परिच्छेद आईला. ती म्हणाली, "असं असेल तर कर." दोन प्रश्न राहिले. मुलांच्या शाळेमुळे हे विषय ऑनलाइन केले तर चालतात का? आणि लसींचं काय, माझी लहानपणीची कार्डं कुठेच नाहीत.

रातराणी

आईंना नमस्कार सांगा!

सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश खुशाल ऑनलाइन करा. सायन्सच्या लॅबसाठी मात्र वर्गात जा. लॅब ऑनलाइन केली तर काही कॉलेजं ती धरत नाहीत. प्रवेश मिळाल्यावर क्लिनिकलला सकाळी पावणेसातला वॉर्डात हजर राहावं लागू शकतं, तेव्हा शाळेचा डबा आणि सोडणं नवऱ्याकडे जाणार. त्याची सवय त्यांना या वर्षीच लावा.

कार्डं नसली तरी बिघडत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हेपटायटिस बी यांची टायटर नावाची रक्त तपासणी करून घ्या. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या" हे तोंडी सांगितलेलं चालत नाही, रिपोर्ट लागतो. हेपटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, त्यामुळे ते आधी बघा. टीबीसाठी कातडीवरची टेस्ट करू म्हणाले तर सांगा की तुम्हाला बीसीजी दिलेलं आहे, दंडावर व्रण आहे. बीसीजीमुळे कातडीवरची टेस्ट उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर असं लांबत जातं. त्याऐवजी क्वांटिफेरॉन ही रक्ताची टेस्ट मागा. बीएलएस सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट दोन वर्षंच चालतं, ते इतक्यात काढू नका.

या आठवड्यात दोनच कामं करा: कॉलेजच्या कौन्सेलरची वेळ घ्या, आणि पुणे विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाका. कौन्सेलरकडे जाताना मार्कशीटच्या प्रती आणि तिन्ही कॉलेजांच्या अटींचे कागद घेऊन जा. केमिस्ट्रीच्या जागा लवकर भरतात, नोंदणीची तारीख त्याच दिवशी विचारून या आणि इथे कळवा. सीएनएचे वर्ग तुमच्या भागात कुठे चालतात ते मी मैत्रिणीला विचारून लिहिते.