चाळीस वर्षं कपाटात पडलेले आर्केड पोर्ट: ज्याच्या हाती लागले त्याने ते खुले करावेत का?

रुपयाचं नाणं (धागाकर्ता)

लँडन डायर या प्रोग्रॅमरने अटारीच्या ८-बिट घरगुती कॉम्प्युटरसाठी डाँकी काँग हा आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, खेळ लिहिला. एका मशीनचा खेळ असा दुसऱ्या मशीनवर बसवला की त्याला पोर्ट म्हणतात. १९८३ साली तो १६ केबीच्या कार्ट्रिजवर बाजारात आला आणि आर्केडमधले चारही टप्पे त्यात होते. त्या काळच्या बऱ्याच घरगुती आवृत्त्यांत एखाद-दोन टप्पे सरळ गाळलेले असत. पाठोपाठ डायरने त्याच मशीनसाठी सुपर पॅकमॅन केला. तो मात्र दुकानात कधी आलाच नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. अटारीपायी तिची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीला त्या एका वर्षात ५० कोटी डॉलरच्या वर खड्डा पडला आणि जुलै १९८४ मध्ये तिने अटारीचा घरगुती विभाग कमोडोर कॉम्प्युटर कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांना विकून टाकला. आर्केड खेळांचे कितीतरी पोर्ट, काही पुरे झालेले तर काही अर्धे, फ्लॉपींवर आणि ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) चिपांवर तसेच राहून गेले. कर्मचाऱ्यांच्या घरच्या खोक्यांतून ते पुढे संग्राहकांकडे गेले. काहींनी ते वाचून सगळ्यांना दिले, काहींनी कपाटात कुलूपबंद केले.

माझं मत: अशी चिप ज्याच्या हाती येईल त्याने ती डंप करावी (म्हणजे वाचून आतला मजकूर फाइलीत उतरवावा) आणि लगेच खुली करावी, परवानगीची वाट बघू नये. ईप्रॉममधली माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, तो हळूहळू झिरपत जातो. वरच्या काचेच्या खिडकीवरचा कागद निघाला आणि चिप उजेडात पडून राहिली तर आणखी लवकर. चाळीस वर्षं टिकावी म्हणून ती बनवलेलीच नव्हती.

स्प्राईट

असहमत. मी पंचवीस वर्षं कोड लिहितो, म्हणून हे जिव्हारी लागतं.

पुरा झालेला सुपर पॅकमॅन ही एक गोष्ट, पण तुम्ही त्याच दमात अर्धे राहिलेले पोर्टही ओढलेत. तेव्हा पोर्ट करणाऱ्याला आर्केडचा मूळ कोड बहुतेक वेळा मिळतच नसे. मशीनसमोर उभं राहून खेळायचं, शत्रू कुठून येतो, कितव्या सेकंदाला वळतो ते वहीत टिपायचं आणि परत जाऊन सगळं नव्याने लिहायचं. अशा कामाच्या मधल्या अवस्थेत आवाज नसतो, टक्कर नीट लागत नाही, रंग तात्पुरते असतात. ती अवस्था माणूस कुणाला दाखवत नाही. चाळीस वर्षांनी कुणीतरी ती खेळून व्हिडिओ टाकतो, खाली त्या प्रोग्रॅमरचं नाव येतं आणि लोक म्हणतात, केवढा भिकार पोर्ट! माणूस हयात असेल तर आधी त्याला विचारा. एक पत्र लिहायला काय लागतं?

रुपयाचं नाणं

स्प्राईट, पत्र जरूर लिहावं. पण उत्तर येईपर्यंत चिप थांबेल का?

आणि अर्ध्या कामाचंच उदाहरण घ्या. अटारी ५२०० साठीचा टेम्पेस्ट अर्धवट राहिला होता. (५२०० हा कन्सोल असला तरी आतून जवळजवळ अटारीचा ८-बिट कॉम्प्युटरच.) त्याचा प्रोटोटाइप संग्राहकांमध्ये फिरत राहिला आणि कित्येक वर्षांनी मूळ प्रोग्रॅमर कीथन हायेंगा यांनी स्वतःच तो पुरा केला. लोकांनी अर्धवट खेळावर इतकी वर्षं जीव लावला नसता तर पुरा झालेला टेम्पेस्ट कोण मागणार होतं?

स्प्राईट

हायेंगांनी स्वतः हात घातला, हाच तर माझा मुद्दा आहे. निर्णय त्यांचा होता.

गोट्या

मला मूळ प्रश्नच कळत नाही. आर्केडचा अस्सल पॅकमॅन आज इम्युलेटरवर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) जसाच्या तसा चालतो. मग कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवरच्या नकलेसाठी एवढा जीव का टाकायचा?

बीबीसीवाली

गोट्या, तिला नक्कल म्हणू नका. मी शाळेत बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरवर शिकले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या भारत सरकारच्या 'क्लास' योजनेतून ती मशीन शाळांमध्ये आली होती. त्यामुळे तेव्हाच्या कॉम्प्युटरची ताकद किती होती ते हाताला ठाऊक आहे.

पॅकमॅनचं आर्केड मशीन उभ्या पडद्याचं, २२४ बाय २८८ ठिपके. घरचा टीव्ही आडवा. म्हणजे पहिल्याच दिवशी ठरवायचं की चक्रव्यूह दाबून बसवायचा, की बाजूला जागा सोडायची, की वरखाली सरकवायचा. स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरवर तर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग. लाल भूत निळ्या भिंतीला घासून गेलं की दोघांचे रंग एकमेकांत मिसळतात. (भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने स्पेक्ट्रम प्लस विकला, तो वापरलेल्यांना हे आठवत असेल.) एकच खेळ पाच मशीनवर पाच जणांनी बसवला तर पाच वेगळी उत्तरं मिळतात. काय ठेवलं आणि कशावर पाणी सोडलं, यात त्या माणसाची अक्कल दिसते. प्रकाशित न झालेला पोर्ट गेला म्हणजे त्यातलं एक उत्तर कायमचं गेलं. मूळ आर्केड शाबूत असल्याने ते परत येत नाही.

गोट्या

भिंतीच्या रंगाचं पटलं. असा विचार केला नव्हता.

कलम बावन्न

मी वकिली करते, म्हणून धागाकर्त्याच्या एका वाक्यावर बोलणं भाग आहे: "परवानगीची वाट बघू नये."

कंपनीसाठी लिहिलेला आणि प्रकाशितच न झालेला १९८३ चा प्रोग्रॅम अमेरिकी कायद्यात निर्मितीपासून १२० वर्षं संरक्षित असतो, म्हणजे २१०३ पर्यंत. आणि परवानगी एकाची नाही. पॅकमॅन नामको या जपानी कंपनीचा. घरगुती आवृत्तीचा कोड अटारीचा, आणि तो घरगुती विभाग वॉर्नरकडून ट्रॅमिएलांकडे, १९९६ मध्ये जेटीएसकडे, १९९८ मध्ये हॅस्ब्रोकडे आणि तिथून इन्फोग्राम्सकडे गेला. या गुंत्यामुळे असे खेळ रीतसर विकायला कुणी धजत नाही, हे मी मान्य करते. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं निघालं. प्रकाशित झालेल्यांची ही गत!

पण यावरचा रस्ता ग्रंथालयं आणि संग्रहालयांतून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने संशोधकांना असे खेळ घरबसल्या बघू देण्याची सूट नाकारली. तो निर्णय चुकीचा आहे आणि त्यावर भांडलं पाहिजे. तरुण पोरांना "लगेच खुलं करा" सांगून त्यांना नोटिसा खायला लावणं मला पटत नाही.

सनीव्हेलकर

बराच वेळ वाचत होतो. मी सनीव्हेलला राहतो, अटारीची कचेरी याच गावात होती. काही वर्षांपूर्वी इथल्या एका गॅरेज सेलमध्ये मला ईप्रॉमचं एक खोकं मिळालं. काही चिपांवर नुसत्या हाताने लिहिलेल्या तारखा आहेत. अजून एकही वाचलेली नाही.

संग्राहकांवर सगळे तुटून पडतात, पण आम्ही पैसे मोजले नसते तर त्या चिपा कचऱ्यात गेल्या असत्या. प्रत फुकट फिरायला लागली की किंमत पडते, मग पुढचं खोकं कोण विकत घेणार? राग येईल कुणाला, पण हे असं आहे.

रुपयाचं नाणं

राग नाही. तुम्ही खोकं उचललंत याबद्दल मनापासून आभार.

पण एक ऐका. डायरने डाँकी काँगमध्ये आपली आद्याक्षरं लपवली होती. ती पडद्यावर कशी आणायची हे तो स्वतःच विसरून गेला. २००९ मध्ये डॉन हॉजेस यांनी कोड एकेक सूचनेपर्यंत उलगडला आणि 'एलएमडी' पडद्यावर आणलं, खेळ आल्यानंतर २६ वर्षांनी. प्रती लोकांकडे होत्या म्हणून हे शक्य झालं. तुमच्या खोक्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही.

कलमताईंचं ऐकून मी माझं "लगेच" मागे घेतो. खुलं करण्याबद्दल आपण भांडत राहू. पण वाचून ठेवायला कुणाची हरकत आहे?

स्प्राईट

वाचून ठेवायला माझी अजिबात नाही.

सनीव्हेलकर

बरं. या शनिवारी वाचतो. चिप वाचायचा रीडर घरी आहे. वाटण्याबद्दल आत्ता शब्द देत नाही. काही काळजी घ्यायची?

बीबीसीवाली

खिडकीवरचे कागद काढू नका, सुटत असतील तर वरून नवा काळा लावा. पाय काळे पडले असतील तर हलक्या हाताने पुसा, वाकवू नका. प्रत्येक चिप निदान तीनदा वाचा आणि तिन्ही फाइली जुळतात का बघा. जुळल्या नाहीत तरी एकही पुसू नका. आणि कशालाही हात लावण्याआधी त्या हस्ताक्षरातल्या तारखांचे फोटो काढा.