फांदीपासून फळझाड : तुमचे घरगुती प्रयोग लिहा

मोबाइलवर रोज एक व्हिडिओ येतो. आंब्याची फांदी बटाट्यात खोचा, कोरफडीचा गर चोळा, पंधरा दिवसांत मुळ्या! मी तीनदा केलं. बटाट्याला झकास कोंब आले, आंबा मेला. तुमचं काय झालं ते लिहा. फसलेलं आधी लिहा, पण महिना आणि काय लावलंत ते सांगा.

सासवड
आमच्याकडे अंजिराला कोणी मधबिध लावत नाही. छाटणीत पडलेली बोटाएवढी जाड, वीतभर काडी घ्यायची, चार-पाच डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा तिरका, म्हणजे काडी उलटी लागत नाही. (हसू नका, मी लावली आहे.) चीक धुवायचा, दोन डोळे मातीत. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुणे फळांऐवजी काड्याच मागतात.

डोंबिवली, तिसरा मजला
डाळिंबाच्या काडीला मध लावला. मुळ्यांआधी मुंग्या आल्या. दुसऱ्या खेपेला दालचिनीची पूड लावली आणि वरून बूड कापलेली पाण्याची बाटली पालथी घातली. आठवड्यात पालवी फुटली, मी घरभर सांगत सुटले. विसाव्या दिवशी काडी उपटून पाहिली तर खाली काही नाही. काडीतल्या साठ्यावरच पानं फुटली होती. उपटली नसती तर कदाचित जगलीही असती.

नाशिक
वरच्या ताईंसाठी : मध आणि दालचिनी फार तर बुरशी रोखतात, मुळ्या फोडत नाहीत. नारळपाण्यात सायटोकायनिन असतं, त्याचा ओढा मुळ्यांपेक्षा फुटव्याकडे. नर्सरीवाले वापरतात त्या पावडरीत आयबीए हे मुळ्या फोडणारं संप्रेरक असतं, ते स्वयंपाकघरात नाही मिळत. आणि काडी उपटून बघू नका हो!

दापोली
आंब्याची नुसती फांदी मातीत खोचून जगत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही कोय कलम करतो. पावसाळ्याच्या तोंडाशी कोय रुजवायची, रोप दहा-पंधरा दिवसांचं आणि तांबूस पानांचं असतानाच वरून कापून मधोमध चीर द्यायची. तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या काडीला पाचर काढून त्यात बसवायची, पट्टी घट्ट बांधायची. घरगुती म्हणाल तर पेप्सीकोल्याची रिकामी पिशवी! कलमावर टोपीसारखी घातली की आतला ओलावा टिकतो. दहातली सहा लागली तरी मी खूश.

न्यू जर्सी
शेजारच्या इटालियन आजोबांनी अंजिराच्या काड्या दिल्या. ओल्या किचन टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या, तिथे ऊब असते. तिसऱ्या आठवड्यात पांढरे ठिपके, मग मुळ्या. दोन काड्या बुरशीने गेल्या, टॉवेल फार ओला होता. आता कुंडी हिवाळाभर गॅरेजमध्ये झोपते.

सांगली
आई पेरूची गुटी बांधायची, मृगात. फांदीची इंचभर साल गोल काढून त्यावर शेणमाती, वर गोणपाट. आता मी शेवाळ आणि प्लॅस्टिक वापरतो. दीड-दोन महिन्यांत मुळ्या बाहेरूनच दिसतात, उपटायची गरजच नाही. गोणपाट मात्र रोज भिजवावं लागे, ते काम माझं होतं आणि मी बुडवायचो.

पुन्हा मी
आंब्याची फांदी खोचायचा नाद सोडला, यंदा कोय कलम आणि दापोलीची पिशवी. तो खोचलेला बटाटा कुंडीतच राहिला होता. काल उपसला, लिंबाएवढे सात निघाले.