उन्हाने खांद्यांवर आलेल्या फोडांबाबत मदत हवी आहे

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या २२ वर्षांच्या धाकट्या भावाने परवा सकाळी ९ ते दुपारी ३ पर्यंत नुसत्या बनियानवर शेतात शेणखत पसरवले आणि काल त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने भरलेले फोड आले. बनियानच्या पट्ट्याखालची कातडी मात्र जशीच्या तशी आहे. त्याला ताप, उलटी किंवा चक्कर नाही, मधुमेह नाही आणि कोणतेही औषध चालू नाही.

थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, भरपूर पाणी व ताक दिले, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिली. शेजारच्या काकूंनी सुचवलेली टूथपेस्ट आणि बर्फ लावला नाही. फोड आम्ही फोडले नाहीत, पण झोपेत कूस बदलताना डाव्या खांद्यावरचा एक फुटला असून त्याची सैल कातडी ओल्या कागदासारखी चिकटली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर आहे. ताप आला, पू झाला किंवा लाली पसरली तर लगेच नेणारच आहोत.

ती सैल कातडी तशीच राहू द्यावी का, आणि एवढ्या घामात त्यावर व्हॅसलीन लावून जाळीची पट्टी बांधावी की उघडे ठेवावे? पेरणीपूर्वीची कामे थांबवता येत नाहीत आणि सनस्क्रीन घामाने तासाभरात ओघळते, म्हणून पुढे पूर्ण बाह्यांचा जाड विणीचा सुती सदरा पुरेल का, की उघड्या मानेला आणि हातांना सनस्क्रीन लावावेच लागेल?