तीन हजारांत एकच रॉड-रील: कृष्णेलाही चालेल, तलावालाही चालेल असं काय घ्यावं?

माहुली_संगम
दर पावसाळ्यानंतर हाच प्रश्न येतो. पहिलाच सेट घ्यायचा, खिशात ३००० रुपये, आणि तो साताऱ्याच्या धरणांवर, कराडच्या खालच्या नदीत आणि सांगलीच्या बंधाऱ्यांवर सगळीकडे चालला पाहिजे. माझं मत सरळ मांडतो, पटत नसेल त्यांनी खोडून काढावं.

रॉड: ८ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा. दांड्यावर १० ते ४० ग्रॅम वजन फेकण्याचा आकडा छापलेला असावा. नुसता फायबरग्लास नको आणि पूर्ण कार्बनही नको, दोन्हींचं मिश्रण असलेला कॉम्पोझिट घ्या. भरीव फायबरग्लास मोडत नाही हे खरं, पण तो इतका जड आणि लिबलिबीत असतो की टोकाला रोहू नुसतं चाटून गेला तर हाताला कळतच नाही. स्वस्त कार्बनला दगडाचा एक टोला बसला की वरून काही दिसत नाही आणि पुढच्या फेकीत तो कटकन जातो.

रील: स्पिनिंग, ३००० आकाराचं. दोरा: ०.३० मिमीचा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा).

पैशांची वाटणी रॉडला १२००, रीलला १४००, उरलेल्या ४०० मध्ये दोरा, गळ, शिसं आणि स्विव्हल (दोरे जोडणारी फिरती कडी). हजार रुपयांत रॉड, रील, दोरा, प्लास्टिकचे मासे असा भरगच्च डबा मिळतो, तो घेऊ नका. त्यातल्या रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सोडणारा ब्रेक) दोन किलोच्या माशालाही सलग दोरा सोडत नाही, झटके देतो, आणि दोरा त्या झटक्यातच तुटतो.

वारणा_मरळ
दादा, रोहू-मृगळाला हे ठीक. पण आमच्याकडे निम्मी माणसं मरळीसाठी रॉड घेतात, आणि त्यांना हा सल्ला नुकसानीचा आहे.

मरळ बसते जलपर्णीत, कमळाच्या पानांखाली, दगडखाणीतल्या शेवाळात. तिथे रबरी बेडूक पानांवरून ओढत आणायचा. मरळीने तोंडात घेतला की एक-दोन सेकंद थांबून जोरात हिसका द्यायचा, कारण बेडकाचे दोन्ही गळ जाड असतात आणि तिचं टाळू हाडासारखं कडक. मीडियम रॉड त्या हिसक्यात स्वतःच वाकतो, गळापर्यंत जोर पोचत नाही. शिवाय तंगूस. नायलॉन तुटण्याआधी पाचव्या हिश्श्याहून जास्त ताणला जातो. वीस मीटरवर मासा असेल तर तुमचा निम्मा हिसका दोराच खातो. मरळ तेवढ्यात देठांना वेटोळं घालते आणि विषय संपतो.

मरळीला साडेसहा-सात फुटी मीडियम-हेवी रॉड आणि ४० पाउंड ताकदीचा ब्रेड, म्हणजे विणलेला, न ताणणारा दोरा. दुसरा पर्याय मी मानत नाही. एक काठी सगळ्याला असं सांगून नवख्याला दोन्हीकडून अर्धवट ठेवू नका.

माहुली_संगम
भाऊ, मरळीचं वर्णन अगदी बरोबर. पण त्याच सात फुटी ताठ रॉडने कणकेच्या गोळीवर रोहू धरून बघा. रोहूचे ओठ मऊ. ताठ टोक आणि न ताणणारा ब्रेड, मासा पहिल्याच धावेत ओठ फाडून जातो. मीडियम रॉडची लवचिकता आणि नायलॉनचा ताण तिथे दोष नसून गरज आहे.

मधला मार्ग म्हणजे जादा स्पूल, रीलवरची दोरा गुंडाळायची चकरी. रील घेतानाच सोबत दुसरा स्पूल देतात का विचारा. एकावर तंगूस, दुसऱ्यावर ३० पाउंडाचा ब्रेड. मीडियम रॉडने उघड्या पाण्याच्या कडेची मरळ निघते. दाट जलपर्णीतली निघणार नाही, तेवढं मान्य.

हरिपूर_घाट
ब्रेडच्या स्पूलबद्दल एक गोष्ट राहिली. गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ब्रेड थेट बांधला तर गाठ घट्ट असूनही अख्खं वेटोळं फिरत राहतं. रील फिरतंय, ड्रॅग पूर्ण आवळलाय, तरी दोरा येत नाही, आणि माणूस रील बिघडलं म्हणून दुकानात परत जातो. आधी आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळा, मग त्याला ब्रेड जोडा. आणि स्वस्त रॉडच्या कड्यांत (ज्यांतून दोरा जातो) साधी धातूची रिंग असेल तर ब्रेड तिला चरे पाडतो, मग तेच चरे ब्रेड कापतात. आत सिरॅमिकची रिंग असलेल्याच कड्या बघा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा, धागा अडकला तर ती रिंग तडकलेली आहे.

आता माझा खरा आक्षेप. तुम्ही सगळे ताकद आणि दोऱ्यावर बोलताय, रॉडच्या लांबीवर कुणी भांडत नाही. सांगलीकडे लांबी हा सुरक्षिततेचा विषय आहे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. सात फुटी रॉड घेतला की काठ उंच आणि मध्ये झुडपं असल्याने माणूस आपोआप पाण्याच्या कडेला उतरतो. ८ किंवा ९ फुटी असेल तर वरून, काठापासून चार-पाच मीटर मागे राहून दोरा झुडपांच्या वर ठेवता येतो. मला विचाराल तर नदीला ९ फूटच.

आणि पकडलेले मासे जाळीत घालून पायाजवळच्या पाण्यात बांधून ठेवण्याची सवय तिथे सोडाच. बादली वर ठेवा. आमिषाचे हात नदीत धुवायला उकिडवं बसू नका, बाटलीतलं पाणी घ्या. संध्याकाळी उजेड कमी झाला की आवरा.

येरळा_बांबू
काका, सुरक्षिततेचं शंभर टक्के पटलं. पण सगळ्यांना रील हवंच कशाला? चिलापी, छोटी वाम, खवली अशी भाजीपुरती मासळी काठापासून तीन-चार मीटरच्या आतच फिरते. १२ फुटी बांबू, टोकाला ०.२० चा दोरा बांबूएवढाच लांब, मोरपिसाचा देठ तरंगतं बूच म्हणून, गळ १० नंबरचा, गांडूळ. दीडशे रुपयांत काम होतं. दोरा गुंतत नाही, गंज नाही, ग्रीस नाही. नवख्याला आधी बूच वाचायला शिकवा. चिलापी बूच बाजूला सरकवते, मृगळ हळूच आडवं पाडतो, वाम थरथरवत खाली नेते. हे कळायच्या आधी ३००० घालवण्यात अर्थ नाही.

हरिपूर_घाट
लहान गावतळ्याला बांबू उत्तम, वाद नाही. नदीवर नाही, कारण बांबूने मारायचं तर कडेलाच बसावं लागतं, आणि तेच टाळायचंय. दुसरं, बांबूवर चुकून तीन किलोचा कटला लागला तर सोडायला दोराच नाही. काठी, दोरा आणि मासा एका सरळ रेषेत आले की दोरा तुटतो. मासा गळ तोंडात घेऊन मरतो, हे कुणालाच नको.

स्वारगेट_सातारा_एसटी
८ फुटी दोन तुकड्यांचा म्हणजे चार फुटी काठी. एसटीत ती कुठे ठेवायची? कॅरिअरवर टाकली की वर पोतं पडतं. टेलिस्कोपिक मिटल्यावर दोन फुटांच्या आत, पाठीवरच्या बॅगेत जातो. इथे सगळे त्याला नावं ठेवतात, पण टेलिस्कोपिक मोडतो तो उघडण्या-मिटण्याच्या चुकीने. उघडताना आधी टोकाचा तुकडा ओढायचा, मग त्याच्या खालचा, असं बुडाकडे यायचं, आणि प्रत्येक कडी एका रेषेत आणत हलका पीळ द्यायचा. मिटताना उलट, आधी बुडाजवळचा जाड तुकडा. लोक टोकाला धरून अख्खा दाबतात, तिथे पातळ टोक जातं.

माहुली_संगम
पद्धत बरोबर सांगितलीत. तरी दोन दोष पद्धतीने जात नाहीत. प्रत्येक सांध्याला रॉड ताठ होतो, म्हणून वाकताना एकसारखी कमान होत नाही आणि भार मधल्या एका जागी येतो. दुसरं वाळू. माहुलीला, प्रीतिसंगमाला काठावर बारीक वाळू असते. ती सांध्यात गेली की एक तर तुकडा अडकतो नाही तर आतून खरवडून ढिला पडतो आणि फेकताना आत घसरतो. मिटण्याआधी साध्या पाण्याने धुऊन पुसायचा कंटाळा नसेल तरच घ्या. अडकला तर पक्कड लावू नका. बुडाचं टोपण उघडून रॉड उभा धरा आणि लाकडी फळीवर हलके ठोके द्या.

चार फुटी तुकड्यांसाठी सोपा उपाय शेतातला. अडीच इंची पीव्हीसी पाइप साडेचार फूट, दोन्हीकडे टोपण, आत एक जुना टॉवेल. वर पोतं पडलं तरी काही होत नाही.

मिरज_ड्रॅग
रॉडवर एवढं झालं, रीलवर फक्त "३००० घ्या" म्हणून पुढे गेलात. पहिल्या सेटमध्ये जास्त पैसे रीलमध्ये घालावेत असं माझं ठाम मत आहे. रॉडला ९००, रीलला १७००.

आकड्यावर भरवसा ठेवू नका. कंपन्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. शिमानोच्या सी३००० मध्येसुद्धा शरीर २५०० चं आणि स्पूल ३००० चा असतो. स्पूलवर छापलेली क्षमता वाचा. ०.३० चा दोरा १५० मीटर मावला पाहिजे. त्याच स्पूलवर ०.३५ घातला तर ११० मीटरच मावतो, कारण क्षमता जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून "थोडा जाड घालू, मजबूत राहील" हा हिशेब महागात पडतो.

डब्यावर "१३ बेअरिंग" लिहिलंय म्हणून भुलू नका. दुकानात हे करा:

हँडल थांबवून उलटं फिरवायचा प्रयत्न करा. केसभर हलावं, पाव वेढा नाही. हँडल शक्यतो थेट गिअरमध्ये स्क्रू होणारं असावं. आरपार बोल्टवर बसणारं असेल तर काही महिन्यांत खुळखुळतं. कमान (दोरा स्पूलवर घालणारी तारेची कडी) उघडून हाताने बंद करा, स्प्रिंगने ठाम आवाज करून बसली पाहिजे. दोऱ्याची छोटी चाकी, जिच्यावरून दोरा वळतो, ती बोटाने फिरते का बघा. ती गंजून अडकली की प्रत्येक फेकीला दोरा घासला जातो, आणि लोक दोष दोऱ्याला देतात. शेवटी ड्रॅग अर्धा आवळून हाताने दोरा ओढा, सुरुवातीला झटका न देता सलग सुटला पाहिजे. याच एका चाचणीवर मी रील परत ठेवतो.

घरी ड्रॅग लावायला ताणकाटा नसेल तर दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, वजन दोन किलो. रॉडच्या कड्यांतून न घेता थेट रीलमधून आलेला दोरा बाटलीला बांधा आणि रील वर उचला. ड्रॅग जेमतेम घसरून बाटली खाली राहिली पाहिजे. ०.३० च्या दोऱ्याची ताकद साधारण सहा किलो धरली तर तिसरा हिस्सा दोन किलो. कड्यांतून घेतला की घर्षण वाढतं, रॉड वाकतो, आणि माशावर प्रत्यक्ष ताण तुम्ही समजता त्याहून जास्त येतो, म्हणून तिसऱ्या हिश्श्यापुढे जायचं नाही. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाही तर आतल्या चकत्या दाबून बसतात.

वारणा_मरळ
ड्रॅगबद्दल एकच. मरळीला जलपर्णीत हा तिसऱ्या हिश्श्याचा नियम लावू नका, तिथे जवळपास पूर्ण आवळावा लागतो, दोरा सोडला की मासा गेला. म्हणून तर ४० पाउंड म्हणतोय.

येरळा_बांबू
आणि दोरा भरताना? नवं रील घेऊन आलेल्या माणसाच्या पहिल्याच दहा फेकीत चिमणीचं घरटं होतं.

मिरज_ड्रॅग
चांगलं काढलंत. दुकानातून आणलेल्या दोऱ्याचं रीळ जमिनीवर आडवं, लेबल वर. दोरा ओल्या फडक्यातून चिमटीत धरून पंधरा वेढे भरा, मग हात सैल करून बघा. दोऱ्याला पीळ पडून तो स्वतःभोवती गुंडाळायला लागला तर रीळ उलटं करा. स्पूलच्या ओठाच्या दोन मिमी खाली थांबा. काठोकाठ भरला की एकदम पाच-सात वेढे निसटतात, तेच घरटं. फेकल्यावर कमान हँडल फिरवून बंद करायची नाही, हातानेच करायची आणि दोरा बोटाने एकदा ताणून घ्यायचा. यात निम्मे गुंते संपतात.

हरिपूर_घाट
नदीसाठी जोडणी पण लिहून टाकतो, नाही तर चांगला सेट घेऊनही लोक शिसं घट्ट बांधतात. मुख्य दोऱ्यात २० ते ३० ग्रॅमचं भोकाचं शिसं मोकळं ओवायचं, मग एक मणी, मग स्विव्हल. पुढे ०.२५ चा ४० सेंमी दोरा, गळ रोहूला ६ नंबर, शिंगाळ्याला १/० (शून्य लागलं की आकडा वाढेल तसा गळ मोठा, साध्या नंबरात उलट). आमिष भाजलेल्या शेंगदाण्याची पेंड आणि कणीक निम्मीनिम्मी, लिंबाएवढा नाही, बोराएवढा गोळा. गळाकडचा दोरा मुद्दाम बारीक ठेवायचा, म्हणजे बाभळीत किंवा दगडात अडकला तर ४० सेंमीच जातो, शिसं परत येतं. अडकल्यावर रॉड उभा करून झटकू नका. रॉड दोऱ्याच्या रेषेत आडवा धरा, दोरा एखाद्या सुट्या लाकडी काठीला दोन वेढे देऊन मागे चाला. सगळ्यात जास्त रॉड इथेच मोडतात, माशाने नाही.

आणि काठावरच्या शेतपंपांच्या तारा. कार्बनमधून वीज वाहते, कॉम्पोझिटमध्येही कार्बन असतोच. फेकण्याआधी वर बघा.

स्वारगेट_सातारा_एसटी
जागेचंही सांगून ठेवा. बहुतेक तलाव आणि धरणांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यांना विचारूनच गळ टाका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर अजिबात नाही.

वारणा_मरळ
आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर बारीक पिलांचा पुंजका दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. बेडूक टाकला की ती चिडून लगेच धरते, म्हणून लोक मुद्दाम टाकतात. आईबाप काढले की तो पुंजका चिलापी फस्त करते. तिथे गळ टाकू नका.

रॉडचं माझं मत बदललेलं नाही. पण पहिलाच आणि एकच घेणार असाल तर ८ ऐवजी साडेसात बघा, ताकद मीडियम-हेवी.

माहुली_संगम
साडेसात चालेल, धरणाच्या बांधावरच्या दगडी अस्तरावरून (पिचिंग) फेकायला तेवढी लांबी पुरते. मीडियम-हेवी मात्र रोहूला नको म्हणेन. दांड्यावरचा १० ते ४० चा आकडा सोडू नका, १५ ते ५० लिहिलेला उचललात तर हलकी गोळी फेकताच येणार नाही.

हरिपूर_घाट
धरणाला साडेसात घ्या. भिलवडीच्या खाली येणार असाल तर ९.